शरदिनीआत्या आणि ढाबावरच्या पोरी

माझी आत्या शरदिनी वझे हिला १९८१ साली, बी.ए.चा निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत, नेहरू युवा केंद्रात स्वयंसेविकेचं काम मिळालं. हे केंद्र म्हणजे नेमकं काय, हे काशीतल्या आमच्या दूधविनायकाच्या घरात कुणालाच उमगेना. माझे वडील वासुदेव रेल्वेत होते, वरच्या मजल्यावरचे रत्नाकरकाका बँकेत. रेल्वे गाड्या चालवते, बँक पैसा सांभाळते, एवढं आजीलाही ठाऊक होतं. पण युवा केंद्र?

"तरुण मुलामुलींचं काम आहे," आत्या म्हणाली. "खेड्याखेड्यातून त्यांची मंडळं काढायची. खेळ, शिवण, वाचनालय, श्रमदान. त्यांना काय शिकायचंय ते विचारायचं आणि त्याची सोय करायची."

"ते तर शाळेचं काम," आजोबा म्हणाले.

"ज्यांची शाळा सुटलीय त्यांच्यासाठीच आहे हे, बाबा."

आजोबा म्हणजे काशीनाथशास्त्री. दुर्गाघाटावरच्या पाठशाळेत त्यांनी उभा जन्म मुलांकडून संहिता घोकून घेतली होती. मुलीनं नोकरी करावी याला त्यांची ना नव्हती. पण ती शाळेत, कॉलेजात, चार भिंतींच्या आत करावी असं त्यांना वाटे.

"साहेब कोण तुमचे?" त्यांनी विचारलं.

"जोशी म्हणून आहेत."

आजोबांचा चेहरा जरा उजळला. "जोशी? देशस्थ की कोकणस्थ?"

"अल्मोड्याचे. पहाडी आहेत ते."

आजोबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "म्हणजे आपले नव्हेत." मग दारापर्यंत जाऊन ते वळले आणि आजीला म्हणाले, "पण जोशी आहेत." घरात या वाक्याचा अर्थ परवानगी मिळाली असा घेतला गेला.

मी तेव्हा लहान होते, शाळेत जात होते. पुढे जे सांगणार आहे त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे, बाकीचं आत्या, आजी आणि पुढे जिची ओळख होईल ती फुलमती यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेलं आहे की तेही पाहिल्यासारखंच झालं आहे.

काशी मागे टाकून, वरुणेचा संगम ओलांडून गंगा पुढे गेली की तिचा एक फाटा अलग होतो आणि काही मैलांवर पुन्हा तिलाच येऊन मिळतो. मधल्या जमिनीला ढाब म्हणतात आणि त्या फाट्याला सोता. ढाबावर गावं आहेत, परवल-भोपळ्याचे मळे आहेत, म्हशी आहेत. उन्हाळ्यात सोत्यातून माणूस चालत जातो. बाकीचं वर्ष नाव. तिथल्या मुरलीपूर गावात केंद्राचं मुलांचं मंडळ झकास चालत होतं. व्हॉलीबॉलची जाळी होती, पुस्तकांची पेटी होती, मुलांनी श्रमदानानं घाटाची पायवाट बांधून काढली होती. जोशीसाहेब आत्याला म्हणाले, "मंडळात मुलीचं एकही नाव नाही. तुम्ही जाऊन बघा, का ते."

आत्या गेली. बसनं, मग पायी, मग नावेनं. बरोबर केंद्रानं दिलेलं शिलाई मशीन होतं. शिवण म्हटल्यावर आयांनी मुलींना पाठवलं. आठवडाभर काजं-बटणं झाली. एक दिवस धागा ओवता ओवता आत्यानं सहज विचारलं, "तुम्ही सगळ्या पाचवीतच का थांबलात?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी गावच्या प्रधानांची, म्हणजे सरपंचांची, नात पद्मा बोलली. ती असेल बारा-तेराची. "सहावीची शाळा सोत्याच्या पार आहे, बहिनजी."

"मग? मुलं तर जातात."

"माझी दीदी जायची. बुडाली."

एवढंच बोलून तिनं मान खाली घातली आणि उलटा टाका घातला. आत्यानं तो उसवायला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती प्रधान शिवराम यांच्या दारी गेली. साठीचे गृहस्थ, मोठ्या मिशा, खाटेवर बसून बैलाचा दोर वळत होते. त्यांनी आत्याला बसायला वेताचा मोढा दिला, गूळ-पाणी दिलं. थोरल्या नातीचं नाव निघालं तेव्हा मात्र दोर वळणारे हात थांबले. अठ्ठ्याहत्तरचा मोठा पूर आला त्याच वर्षीची गोष्ट, त्यांनी सांगितलं. शाळा सुटून पोरं परत येत होती. नाव काठाला लागता लागता कलंडली. काठ अगदी हाताच्या अंतरावर होता.

"नावेत आणखी कोण होतं?" आत्यानं विचारलं.

"गावची पाच-सहा पोरं होती."

"त्यांचं काय झालं?"

"ती आली बाहेर. ती काय, म्हशींबरोबर दिवसभर पाण्यातच असतात. त्यांना पोहता येतं."

आत्या सांगते, की पुढचा प्रश्न तिला विचारावाच लागला नाही. तो म्हाताऱ्याच्या तोंडावर उमटला होता. कदाचित इतकी वर्षं तो त्यांनी स्वतःलाही विचारला नसेल. आत्या म्हणाली, "चाचाजी, मुलींना मी पोहायला शिकवते. मी गंगेवरची आहे."

"बहिनजी, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता," ते हळू आवाजात म्हणाले. "ओलेत्या पोरी अख्ख्या गावानं बघायच्या? आणि साडी पायात अडकून एखादी गेली तर? एक गेली आमची. पुरे."

त्याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात बसलं होतं.

रात्रीच्या जेवणाला आत्यानं सगळं सांगितलं. पोळी वाढता वाढता आजीचा हात थांबला. "साडी पायात अडकते? कुणाच्या?"

माझी आजी कालिंदी. ब्रह्माघाटावर जन्मली, दुर्गाघाटावर सासरी आली, आणि नदीच्या बाबतीत तिचं माहेर कधी सुटलंच नाही. पावसाळ्यातलं लाल पाणी सोडलं तर रोज पहाटे ती घाटावर जाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारी, पदर कमरेला खोची आणि भोसले घाटाच्या दिशेनं प्रवाहाच्या उलट पोहत जाऊन वाहत्या पाण्याबरोबर परत येई. मग कोरडं नेसून पूजेला. तिला हे तिच्या आत्यानं शिकवलं होतं, तिनं शरदिनीआत्याला. आमच्या घरातल्या बायकांना यात काही विशेष वाटत नसे.

"मी येते तुझ्याबरोबर," आजी म्हणाली.

"तू? ढाबावर?" आजोबांनी पानावरून मान वर केली.

"तिथंही गंगाच आहे ना? की दुसरी कुठली आहे?"

आजोबांनी पुन्हा जेवायला सुरुवात केली.

आजी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब खेड्यात गेली. गावच्या बायका सोत्याच्या काठावर जमल्या होत्या, पुरुष जरा दूर पिंपळाखाली. आजीनं जुनं सुती लुगडं नेसलं होतं. काष्टा बघून एक म्हातारी मोठ्यानं हसली. "अरे, ई त मरदाना धोती हौ!"

आजीनं तिच्याकडे वळून बघितलं. "झाशीची राणी कुठे जन्मली ठाऊक आहे ना? काशीत. आमच्याच लोकांची पोर ती. अशीच नेसायची आणि अशीच घोड्यावर बसायची. हसायचं असेल तर तिला हसा."

कोणी हसलं नाही. आजी पाण्यात उतरली, गंगेचं पाणी डोळ्यांना लावलं आणि निघाली. कार्तिकातलं स्वच्छ पाणी, मध्यावर चांगली ओढ. पांढरे केस, कपाळावर मोठं कुंकू, आणि हात असे संथ चाललेले की जणू ताक घुसळते आहे. ती पलीकडच्या काठाला लागली, पदर सारखा केला आणि परत आली. पाण्याबाहेर काठावर उभी राहिली तेव्हा लुगडं होतं तिथं होतं. गुडघ्यावरचं बोटभर अंगही कुणाला दिसलं नाही. बायका तिच्याभोवती जमा झाल्या आणि काष्टा चाचपून बघायला लागल्या. "हे मागं कसं खोचलंय? सुटत कसं नाही?"

पिंपळाखालून प्रधानजी आले. आजीला हात जोडून म्हणाले, "माताजी, तुम्ही शिकवाल तर आमची पद्मा येईल."

"मी कशाला? ही शिकवेल," आजीनं आत्याकडे बोट दाखवलं. "माझ्यापेक्षा हिचा दम मोठा आहे. मी मधून मधून बघायला येईन, कुचराई करते का ते."

त्या दिवशी प्रधानांच्या घरी दोघींना दही-चिवडा, म्हणजे आपले दही-पोहे, मिळाला. परघरचं सहसा न खाणाऱ्या आजीनं तो मागून घेतला, हे आत्या अजून सांगते.

आता प्रश्न होता केंद्राचा. शिवणकामासाठी पाठवलेल्या स्वयंसेविकेनं मुलींना नदीत उतरवायचं, हे कुठल्या कार्यक्रमात बसवायचं? आत्या घाबरतच जोशीसाहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. केंद्राच्या कामांत साहसी उपक्रम असं एक सदर होतं. बहुतेक ठिकाणी त्याखाली मुलांना डोंगर चढायला नेत.

"ढाबावर मी डोंगर कुठून आणू?" साहेब म्हणाले. "तिथं पाणी आहे. तर पाणी." आणि त्यांनी तिथल्या तिथं लखनौला पत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली. महिन्याभरात दोर आले, ट्रकच्या चाकांच्या ट्यूबा आल्या, जिल्हा क्रीडा कार्यालयातून पंधरवड्यासाठी एक प्रशिक्षक आले, प्रथमोपचाराचा डबा आला. जोशीसाहेब स्वतः पहिल्या दिवशी हजर होते. डोंगरातला माणूस, त्यांना पोहता येत नव्हतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोराचं टोक मनगटाला गुंडाळून ते दिवसभर काठावर उभे राहिले.

लुगड्यांची जबाबदारी आजीनं उचलली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, दूधविनायक, जिथं जिथं मराठी घरं होती तिथं ती गेली. "ट्रंकेत पडलेली जुनी नऊवारी काढ," एवढंच म्हणायची. तोवर आमच्या पिढीच्या आया पाचवारी नेसायला लागल्या होत्या. सासवांच्या, आजेसासवांच्या नऊवाऱ्या डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी मोडायची वाट बघत होत्या. हिरव्या, अंजिरी, वांगी रंगाच्या, काठ विरलेल्या. आजीनं त्या मुलींच्या उंचीप्रमाणे कापून, धुऊन गाठोडं बांधलं. मुरलीपूरच्या पोरींचा पहिला धडा पाण्यातला नव्हताच. काठावर उभं राहून काष्टा मारायचा होता.

दुसरा धडा भोपळ्याचा. वाळलेले पोकळ भोपळे ढाबावर हवे तेवढे. पाठीला दोन बांधायचे आणि पाण्यावर पडायचं. बहुतेक पोरी दोन-चार दिवसांत खिदळत पाय मारायला लागल्या. पद्मा मात्र घोट्याएवढ्या पाण्यापुढे जाईना. रोज काष्टा मारून यायची, भोपळे बांधून घ्यायची आणि उभी राहायची. प्रशिक्षक एकदा वैतागले. आत्यानं त्यांना बाजूला घेतलं, "ती येतेय ना रोज? येऊ द्या."

एक दिवस पद्मा आपणहून म्हणाली, "बहिनजी, दीदी पडली ती जागा कुठं आहे, मला ठाऊक आहे."

"दाखव."

दोघी काठाकाठानं चालत गेल्या. जुन्या घाटाजवळ पद्मा थांबली. आत्या आधी पाण्यात उतरली, छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. कितीतरी वेळ पोर काठावर रडत उभी होती. आत्यानं ये म्हटलं नाही, हातही मागे घेतले नाहीत. मग पद्मा आली. आत्याच्या तळहातांवर पोट टेकून ती आडवी झाली, पाय मारले, आणि आत्यानं हात केव्हा काढून घेतले हे तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती किंचाळली. आणि मग किंचाळतच पोहत राहिली.

उन्हाळ्यात सोता आटायच्या आत मंडळातली प्रत्येक पोर तो पोहून पार करायला लागली. जुलैत शाळेचे प्रवेश सुरू झाले. आत्याला वाटलं, आता काम झालं. पण आयबाप तरी कुरकुर करत होते. आता भीती पाण्याची नव्हती, गर्दीची होती. गावची नाव एकच, तीत माणसं, सायकली, भाजीच्या पाट्या, बोकड. वयात आलेल्या पोरींना त्या रेटारेटीत कोण पाठवणार? पोरी म्हणाल्या, "आमची वेगळी नाव असती तर!"

जोशीसाहेबांनी ब्लॉक कचेरीत खेटे घातले आणि पूरमदतीसाठी ठेवलेली एक जुनी डोंगी मुलींच्या मंडळाच्या नावे मिळवली. डोंगी मुरलीपूरला आली तर घाटावर विष्णु केवट ठाण मांडून बसलेला. त्याला सगळे बिसुन म्हणत. गावची नाव त्याची, त्याच्या बापाची, आजाची.

"या घाटावर वल्हं आमचं चालतं," तो म्हणाला. "आज पोरींची नाव, उद्या आणखी कुणाची. मग माझी पोरं काय खातील?"

मंडळाची मुलं त्याच्याशी भांडायला निघाली होती. आत्यानं त्यांना अडवलं. काशीत वाढलेल्या माणसाला घाटावरच्या नाववाल्यांचा हक्क काय असतो हे कुणी सांगावं लागत नाही. ती संध्याकाळी बिसुनच्या घरी गेली.

बिसुनला एक मुलगी होती, फुलमती. पंधरा-सोळाची, सडपातळ, काळीभोर. पोहण्याच्या वर्गाला ती कधी आली नाही, कारण तिला काय शिकवायचं? ती लांब बसून बघायची आणि कुणी चुकीचा हात मारला की हसायची. दुसरीतून शाळा सुटली होती तिची.

आत्यानं विचारलं, "बिसुनभाई, खरं सांगा. या गावात सगळ्यात चांगलं वल्हं कोण मारतं?"

बिसुन मिशीत हसला. "मी आजारी पडतो तेव्हा ही मारते. पुरातसुद्धा. माझ्या मुलांहून चांगली."

"मग मुलींच्या नावेचं वल्हं हिच्याच हातात असेल. घाट तुमचाच राहील. तुमच्या घराबाहेर वल्हं जाणार नाही."

आत्या पुढे म्हणाली, "आणि शाळा सुटेपर्यंत ती पलीकडे काय करणार? उन्हात बसून राहील. त्यापेक्षा वर्गात बसेल."

"या वयात? दुसरी पास पोरगी?"

इतका वेळ चुलीशी बसलेली फुलमती तेवढ्यात म्हणाली, "बसेन मी. लहान पोरांबरोबर बसेन. मला लाज नाही वाटत."

आत्या म्हणते, तिच्या सबंध नोकरीत तिनं ऐकलेलं सर्वांत मोठं वाक्य ते. वर्षभर आत्यानं तिला रोज शिकवलं. आधी गावच्या शाळेतून पाचवीची परीक्षा, मग पलीकडे सहावी. तोवर ती पोरींना पोचवून वर्गाच्या मागच्या बाकावर बसत असे, मास्तरांच्या परवानगीनं.

पहिल्या पावसाळ्यातच त्या नावेची परीक्षा झाली. भादव्यात एका सकाळी पुरवैया, पूर्वेचा जोराचा वारा, सुटला. डोंगी पलीकडच्या काठाजवळ आली असताना वाऱ्याच्या झोतानं आडवी झाली आणि कडेला बसलेल्या दोघी पाण्यात पडल्या. त्यातली एक पद्मा. फुलमतीनं वल्हं रोवून नाव सावरली आणि ओरडली, "नावेला झोंबू नका! काठाकडे मारा हात!" दोघींनी हात मारले. काठाला लागल्या, पुस्तकं झटकली, ओढण्या पिळल्या आणि बाकीच्यांबरोबर शाळेत गेल्या.

अलीकडच्या काठावर शेळ्या चारणाऱ्या बाईनं हे पाहिलं आणि बोंब ठोकली. गावात बातमी पोचली ती एवढीच, की प्रधानांची नात पाण्यात पडली. शिवरामजी अनवाणी धावत घाटावर आले. बिसुननं त्यांना आपल्या नावेत घेतलं आणि भराभर वल्हं मारलं. पलीकडे कुणीच नव्हतं, फक्त ओल्या पावलांचे ठसे शाळेकडे गेलेले. म्हातारा त्या ठशांमागून गेला. खिडकीशी उभा राहिला. पद्मा तिसऱ्या रांगेत बसली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि ती फळ्यावरचं गणित उतरवून घेत होती.

"कुणाला भेटायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाला नाही," प्रधान म्हणाले. "चालू द्या."

हे त्यांनी स्वतः आत्याला सांगितलं, त्याच दिवशी, घाटावर बसून. सांगताना रडत होते, मिशा पुसत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "गणित करत होती बहिनजी, गणित!" पुढच्या आठवड्यापासून डोंगीला दोन खेपा कराव्या लागल्या.

त्यानंतरच्या वर्षी कार्तिकात केंद्रानं जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळांचा मेळावा काशीत घेतला. कुठली मंडळं लोकनृत्य करणार होती, कुठली कबड्डी. जोशीसाहेबांनी ढाबावरच्या पोरींसाठी वेगळाच कार्यक्रम ठेवला. त्यांनी नावेनं गंगेच्या मध्यावर जायचं आणि तिथून पोहत दुर्गाघाटाला यायचं.

त्या दिवशी मी घाटावर होते. पायऱ्यांवर मुंगीला जागा नव्हती. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या, पाठशाळेचे विद्यार्थी होते, पंडे होते, नाववाले होते. दूर पाण्यावर आधी नुसते काळे ठिपके दिसले. मग हात दिसायला लागले. मग रंग. माझ्या शेजारी नंदाकाकू उभ्या होत्या, त्या एकदम ओरडल्या, "अगं बाई, ती अंजिरी आमच्या सासूबाईंची!" मग दुसरीनं हिरवी ओळखली, तिसरीनं वांगी. ज्या लुगड्यांनी आयुष्यभर याच पायऱ्या पाहिल्या होत्या ती पोरींच्या अंगावर गंगा कापत येत होती. बायका टाळ्या वाजवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. सगळ्यांच्या पुढे, मुद्दाम वेग कमी केलेली फुलमती होती, आणि तिच्या बाजूनं पद्मा.

आजोबा वरच्या बुरुजावर उभे होते. या कामाबद्दल त्यांनी आजवर बरंवाईट काही म्हटलं नव्हतं. दक्षिणेकडून आलेल्या कुणा यात्रेकरूनं त्यांना विचारलं, "शास्त्रीजी, या मुली कुठल्या?"

आजोबा म्हणाले, "आमच्या."

त्याला नीटसं कळलं नसावं. त्यानं पुन्हा विचारलं. "आमच्या, आमच्या," आजोबा मोठ्यानं म्हणाले आणि खाली बघून पुढे सांगितलं, "ती बुटकी पिवळ्या साडीतली उभी आहे ना पाण्यात, ती माझी मुलगी. ती शिकवते."

आत्याची स्वयंसेविकेची मुदत संपली तेव्हा तिच्या जागेसाठी केंद्रानं पुन्हा उमेदवार बोलावले. काही वर्षांनी, मॅट्रिक होऊन, फुलमतीही त्याच कामावर लागली. ढाबावरून केंद्रात आलेली ती पहिली मुलगी. पद्मा शिक्षिका झाली, ढाबावरच. जोशीसाहेबांच्या आग्रहावरून आत्यानं निवडपरीक्षा दिली आणि ती स्वतः जिल्हा समन्वयक झाली. मिर्झापूर, बलिया, गोरखपूर, जिथं बदली झाली तिथं तिनं जाऊन आधी एकच गोष्ट विचारली, इथल्या मुलींना काय येत नाही म्हणून त्या घरी बसल्यात? एका ठिकाणी उत्तर सायकल निघालं, एका ठिकाणी टायपिंग. लग्न तिनं उशिरा केलं, मुगलसरायच्या श्रीरामकाकांशी. ते रेल्वेत होते आणि बायकोच्या बदल्यांमागे स्वतःच्या बदल्या मागून घेत. याबद्दल त्यांना कुणी हसलं तर तेही हसत.

आता आत्या निवृत्त आहे, पुन्हा काशीत राहते. मागच्या कार्तिकात तिला घेऊन मी मुरलीपूरला गेले. पोहण्याचा वर्ग चालू होता. आता पोरी पोहण्याच्या पोशाखात उतरतात, आणि शिकवणारी मुलगीही नवीन होती. आत्याला तिथं कुणी ओळखलं नाही. ती काठावर उभी राहून बघत होती. एक सात-आठ वर्षांची पोर पाण्यावर नुसतीच आपटत होती.

आत्याला राहवलं नाही. "ए बिटिया!" ती काठावरून ओरडली. "घुटना मत मोड़! पाय सरळ!"

पोरीनं दचकून तिच्याकडे बघितलं. मग गुडघे सरळ केले, आणि चालली पुढे.